ढोलीत मावेल असा प्लेअर

एका जंगलात, मुलांनो, शेवंती नावाची एक धनेश पक्षीण राहायची आणि तिच्याकडे एकशे चौदा तबकड्या होत्या.

तबकडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. तबकडी म्हणजे एक काळी, गोल, चपटी वस्तू. तिच्यावर बारीक रेघा असतात. ती फिरवली आणि रेघेत सुई ठेवली की गाणं लागतं. तुमचं गाणं हवेतून येतं आणि हवेत जातं. शेवंतीचं गाणं ठेवायला जागा लागायची, पुसायला फडकं लागायचं आणि मध्येच उठून बाजू बदलावी लागायची. तरी तिला तेच आवडायचं. का, ते विचारू नका. ज्यांना आवडतं त्यांना ते सांगता येत नाही, आणि सांगायला लागले की थांबवता येत नाही.

तिचा जुना प्लेअर कपाटाएवढा होता. तो बेहड्याच्या बुंध्याशी मुळांच्या बेचक्यात ठेवलेला असायचा. हिवाळ्यात त्याला वाळवी लागली. वरून लाकूड तसंच चकचकीत दिसत होतं. एक दिवस शेवंतीनं झाकण उघडलं आणि झाकण तिच्या चोचीत आलं, बाकीचा प्लेअर खाली भुसा होऊन पडला.

आता धनेशांची एक रीत तुम्हाला माहीत असायला हवी. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. मातीनं लिंपते, आणि मातीत आणखी एक गोष्ट कालवते, ती मी तुमची जेवणं झाल्यावर सांगेन. फक्त चोचीएवढी फट ठेवते. मग तीन महिने ती आत आणि नवरा बाहेर. तो फळं आणतो आणि फटीतून भरवतो. ती बाहेर येऊ शकत नाही, तो आत जाऊ शकत नाही. काही मोठी माणसं हे ऐकून म्हणतील, यात विशेष ते काय, आमच्याकडे बारा महिने असंच चालतं. मोठ्यांनी मध्ये बोलू नये.

शेवंतीच्या नवऱ्याचं नाव विश्राम. एका संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "अहो, गेल्या वर्षी मी ढोलीतल्या बुरशीच्या ठिपक्यांना नावं दिली होती. त्यातल्या दोघांचं लग्न जमवलं. नंतर त्यांचं पटेना, म्हणून मला मध्यस्थी करावी लागली. यंदा मला ते परत करायचं नाही."

"मग काय करायचंय?"

"गाणी ऐकायचीत. उचलून नेता येईल असा एखादा लहान प्लेअर आणा. ढोलीत मावेल असा. बाकी माझं काही म्हणणं नाही."

"निवडतो," विश्राम म्हणाला.

शेवंतीनं 'आणा' म्हटलं होतं. विश्राम 'निवडतो' म्हणाला. हा फरक त्या वेळी दोघांच्याही लक्षात आला नाही.

विश्राम चांगला नवरा होता. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येईल. तो बायकोसाठी एक उंबर आणायचा तर चाळीस उंबरं हुंगून आणायचा. कधीकधी चाळीस हुंगून होईपर्यंत पहिलं माकडं खाऊन टाकायची. पण जे उंबर घरी पोचायचं ते खरंच गोड असायचं.

ढोली लिंपायला अजून एक महिना होता.

दुसऱ्या दिवशी विश्राम नदीकाठच्या दुकानात गेला. दुकान नारबा साळिंदराचं. फळीवर अकरा प्लेअर मांडलेले होते. सगळे पेटीसारखे. झाकण लावलं की पेटी, उघडलं की आत फिरणारं तबक आणि सुईचा दांडा. वर उचलायला मूठ.

नारबानं एक लाल पेटी पुढे सरकवली. "हा घ्या. तबकडी ठेवायची, सुई ठेवायची, वाजतो. शेजारी कुणी नाचलं तर सुई उडते, तेवढं सांभाळायचं."

"चांगला आहे?"

"वाजतो."

"ते झालं हो. पण सगळ्यात चांगला आहे का?"

नारबा दुकानदार असूनही खोटं बोलत नसे, त्यामुळे त्याचं दुकान लहानच राहिलं होतं. "विश्रामराव," तो म्हणाला, "सगळ्यात चांगला मी अजून पाहिलेला नाही. हा वाजतो."

"विचार करून येतो," विश्राम म्हणाला.

नारबानं पेटी परत फळीवर ठेवली.

परतीच्या वाटेवर आंब्याच्या झाडावर दामोदरपंत भेटले. दामोदरपंत म्हणजे शेकरू. शेकरू म्हणजे मोठी, तांबडी, झुबकेदार शेपटीची खार. पण त्यांना खार म्हटलेलं आवडत नसे. ते तबकडी रसिक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे चौदाशे तबकड्या होत्या आणि एकीचंही वेष्टन काढलेलं नव्हतं.

"वाजवली की झिजते," ते म्हणायचे. "मी त्यांना झिजू देत नाही."

विश्रामनं त्यांना लाल पेटीबद्दल सांगितलं. दामोदरपंतांनी शेपूट पाठीवर घेतली.

"सुईचा भार किती?"

"कशाचा?"

"सुई तबकडीवर किती जोरानं टेकते, ते विचारलंत की नाही? असल्या पेट्यांची सुई पाच पाच ग्रॅमनं टेकते. दोन ग्रॅम असायला हवा. विश्रामराव, ती सुई नाही, तो नांगर आहे. वहिनींच्या तबकड्यांवर शेत नांगरून निघेल."

एकशे चौदा तबकड्या, आणि त्यांवर नांगर. विश्राम तसाच मागे वळला आणि वटवाघूळ मास्तरांच्या गुहेकडे गेला.

मास्तरांचे कान जंगलात सगळ्यात तिखट. इतर कुणाला ऐकू न येणारे सूर त्यांना ऐकू यायचे, त्यामुळे त्यांनी काढलेली चूक कुणाला खोडून काढता येत नसे. पुढच्या आठवड्यात विश्राम आणि नारबानं मिळून अकराही पेट्या गुहेत नेल्या. मास्तरांनी एकेक पेटी एका पायात धरून, दुसऱ्या पायानं छताला लटकत, डोळे मिटून तपासली.

"लाल पेटी," मास्तर म्हणाले. "वरच्या सुरांत खरखर आहे."

"मला नाही ऐकू आली," नारबा म्हणाला.

"तुम्हाला येणार नाही. शिवाय फिरण्याची गती एकसारखी नाही, लांब सूर धरला की डगमगतो. आणि एक मोठाच दोष आहे. झाकण उघडलं की तबकडी खाली पडते."

नारबानं खाली पडलेली तबकडी उचलून पुसली. "मास्तर, आपण उलटे लटकला आहात."

"मग काय झालं? कुठेही नेता येणारा प्लेअर म्हणता ना? मग तो कसाही धरला तरी वाजायला नको?"

विश्रामला हा मुद्दा विचार करण्यासारखा वाटला. नारबाला तो कसा वाटला ते त्यानं सांगितलं नाही.

त्या दिवसापासून विश्रामनं सागाच्या मोठ्या पानावर कोष्टक मांडायला घेतलं. आडव्या ओळीत अकरा प्लेअर. उभ्या ओळीत वजन, सुईचा भार, तबक किती गतींनी फिरतं, बॅटरी किती टिकते, आवाज पेटीतूनच येतो की वेगळा स्पीकर लागतो. काही गोष्टी खरोखर कामाच्या होत्या. उदाहरणार्थ, बॅटरी संपली तर नवी बॅटरी फटीतून आत जाईल का, हे त्यानं मोजून पाहिलं. काही तितक्या कामाच्या नव्हत्या. करड्या पेटीला ब्लूटूथ होतं, म्हणजे लांबच्या स्पीकरला ती तारेशिवाय जोडता यायची.

"आपल्याकडे लांबचा स्पीकर कुठाय?" शेवंतीनं विचारलं.

"नाहीये. पण जोडता येतो."

"कशाला?"

"स्पीकरला."

शेवंतीनं पुढे विचारलं नाही. ती चिखलाचे गोळे करून ढोलीच्या काठावर मांडत होती. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आणला?" आणि विश्राम म्हणायचा, "सात उरलेत." मग "चार उरलेत." त्याच्या आवाजात रोज थोडी जास्त आशा असायची. तिच्या आवाजात रोज थोडी कमी.

महिना संपायला तीन दिवस असताना दोन उरले. लाल आणि करडा. लालची सुई जड होती पण आवाज गोड होता. करड्याची सुई हलकी होती पण आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. विश्राम सकाळी लालपाशी बसायचा, दुपारी करड्यापाशी.

"दोन्ही घेऊन जा," शेवटी नारबा म्हणाला. "वहिनींना ऐकू द्या. नको तो परत आणा."

"असं कसं? मग मी महिनाभर निवडत होतो ते कशासाठी?"

नारबानं दोन्ही पेट्या परत फळीवर ठेवल्या.

शेवंतीनं तोवर आपल्या तबकड्यांतून वीस तबकड्या काढल्या होत्या. तिला सगळ्यात आवडणाऱ्या. एकेक तिरपी करून तिनं त्या ढोलीत नेल्या आणि भिंतीशी उभ्या लावल्या. मध्ये पेटीपुरती जागा रिकामी ठेवली. त्या जागेवर तिनं कोवळी पानं अंथरली, पेटी हलू नये म्हणून.

ठरलेला दिवस आला. सकाळी ती म्हणाली, "अहो, आज काहीही करून आणा. लाल आणा, करडा आणा. मला आता थांबवत नाहीये."

"आज नक्की," विश्राम म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

तो दुकानात पोचला तेव्हा दामोदरपंत तिथं बसलेले होते. त्यांनी एक बातमी आणली होती. येत्या गुरुवारी नवा प्लेअर येणार होता. सुई करड्यासारखी हलकी, आवाज लालसारखा गोड.

"गुरुवारी?" विश्राम म्हणाला. "म्हणजे फक्त तीन दिवस."

"तीन दिवसांसाठी जन्मभराची चूक कशाला करता?" दामोदरपंत म्हणाले.

नारबा म्हणाला, "विश्रामराव, वहिनी थांबतील का?"

"मी विचारून येतो," असं म्हणून विश्राम उडाला. उन्हं उतरायच्या आत तो बेहड्यापाशी पोचला. ढोलीच्या जागी ओली माती होती आणि मातीत एक अरुंद फट.

अंड्याला कोष्टक कळत नाही, मुलांनो. त्याची वेळ झाली की ते येतं.

फटीतून शेवंतीची चोच दिसली. "आणला?"

विश्रामनं खालच्या फांदीवर पाय बदलले. "गुरुवारी एक येतोय. त्याच्यात दोन्हीचे गुण आहेत."

ती अगदी शांतपणे म्हणाली, "गुरुवारी ही फट केवढी असेल, सांगा बघू."

विश्रामनं फटीकडे पाहिलं. तिच्यातून एक उंबर गेलं असतं. फार तर दोन, एकामागून एक.

त्यानंतर नऊ दिवस शेवंती बोलली नाही. तो उंबर द्यायचा, ती घ्यायची. तो विचारायचा, "बरी आहेस ना?" उत्तर नाही. "गोड होतं का?" उत्तर नाही. तो आता साठ साठ उंबरं हुंगायला लागला. त्यानंही काही फरक पडला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं. निदान ऐकू तरी आली असती.

दहाव्या दिवशी दुपारी तो फळं घेऊन आला, तर आतून बारीक आवाज येत होता. खर्र, खर्र, थांबून परत खर्र.

"काय करतेस?" त्यानं विचारलं.

तिनं उत्तर दिलं. "काही नाही. तबकड्यांवर चोच फिरवतेय."

"का?"

"रेघा लागतात चोचीला. जिथं दाट लागतात तिथं गाण्यात गर्दी असते. विरळ लागल्या की बाई एकटीच गात असते. अंधारात एवढंच कळतं. पण कळतं."

विश्रामनं फळं फांदीवर ठेवली. मग तो उडाला तो थेट नारबाच्या दुकानात. हाताला लागेल तो प्लेअर उचलायचा, ढोलीसमोरच्या फांदीवर ठेवायचा आणि बाहेर उरलेल्या चौऱ्याण्णव तबकड्यांतली पहिली लावायची, असं त्यानं वाटेतच ठरवून टाकलं. महिनाभरात त्यानं ठरवलेली ही पहिली गोष्ट होती.

त्यानं लाल पेटीच्या मुठीवर पाय ठेवला. नारबानं खूश होऊन ती पुसायला घेतली.

आणि विश्राम म्हणाला, "ढोलीबाहेर ठेवायचाय. हाच चालेल ना?"

नारबा खोटं बोलत नसे, हे मी सांगितलंच आहे. "बाहेर होय," तो म्हणाला. "बाहेर दव पडतं. वारा असतो. फांदी हलते, सुई उडेल. चालेल तसा. पण मी असं म्हणत नाही की यासाठीच तो केलाय."

विश्रामचा पाय मुठीवरून निघाला. "म्हणजे आता गरजाच बदलल्या," तो हळूच म्हणाला.

त्यानं सागाचं नवं पान घेतलं.

संध्याकाळी तो हे सगळं शेवंतीला सांगायला गेला, तेव्हा त्याची मान खाली होती. आपण काय केलं ते त्याला कळत होतं. कळलं म्हणून ते थांबवता येतंच असं नाही. तुम्ही नखं खाता तेव्हा तुम्हाला कळत नसतं का?

शेवंतीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या तोंडून असा काही आवाज आला की तो रडण्याचा आहे की हसण्याचा, हे विश्रामला मातीतून ओळखता येईना.

"मग मास्तरांकडे जाणार असाल आता," ती म्हणाली.

"उद्या सकाळी."

"गेल्या वेळी ते काय म्हणाले होते? तबकडी खाली पडते?"

"तुला सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं होतंत. मी ऐकलं नव्हतं. चिखल करत होते. परत सांगा."

विश्रामनं परत सांगितलं. मास्तरांचा घोगरा आवाज काढला. नारबानं तबकडी उचलून कशी पुसली तेही सांगितलं. या वेळी मात्र आतून आलेला आवाज हसण्याचाच होता.

तेव्हापासून रोजचं तेच सुरू झालं. तो दिवसा हिंडून प्लेअर बघायचा आणि संध्याकाळी फटीपाशी बसून सांगायचा. दवात ठेवलेल्या करड्या पेटीत बेडूक कसा जाऊन बसला. गुरुवारी येणारा नवा प्लेअर उशिरानं आला, तर त्याची सुई करड्यासारखी हलकी आणि आवाजही करड्यासारखाच डब्यातला कसा निघाला. वाऱ्यात सुई उडू नये म्हणून मास्तरांनी काय उपाय सुचवला, म्हणजे फांदीखाली उलटं लटकवण्याचा. विश्राम आधी फारसा बोलणारा नव्हता. लग्नाला चार वर्षं झाली, तरी 'गोड आहे का' आणि 'उद्या कुठल्या झाडावर' यापलीकडे त्यांचं बोलणं गेलं नव्हतं. शेवंतीला सलग गाणी असायची आणि त्याला सलग उंबरं. आता त्याला सांगायला काहीतरी सापडलं होतं, आणि तिला उठून जायला जागा नव्हती.

दीड महिन्यानं अंडी फुटली. एक मुलगी, एक मुलगा. मुलीचं नाव कुंदा ठेवलं, मुलाचं यशवंत. त्या दोघांनी डोळे उघडायच्या आधी कान उघडले आणि त्यांना पहिल्यांदा ऐकू आला तो बापाचा आवाज. तो म्हणत होता, "पण तबक पट्ट्यानं फिरतं की थेट मोटरनं, हे कुणी बघतच नाही."

मग दामोदरपंतांचं प्रकरण घडलं.

झालं असं. सुईच्या भारावरून विश्राम आणि मास्तर यांच्यात वाद झाला, आणि तो मिटवायला एक अगदी कोरी तबकडी हवी होती. कोऱ्या तबकड्या फक्त दामोदरपंतांकडे. विश्रामनं तीन दिवस मिनतवाऱ्या केल्या. अखेर दामोदरपंतांनी चौदाशेतली एक आणली, मान फिरवून वेष्टन फाडलं आणि करड्या पेटीवर लावली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तबकडी वाजताना ऐकली.

"मग?" फटीतून शेवंतीनं विचारलं. मागून दोन लहान चोचीही फटीपाशी आल्या होत्या.

"ऐकली पूर्ण. मग दुसरी बाजू ऐकली. मग त्यांनी मास्तरांना जायला सांगितलं आणि मला जवळ बोलावलं." विश्रामनं इकडेतिकडे पाहिलं. "म्हणाले, विश्रामराव, कुणाला सांगू नका. मला गाणं आवडत नाही."

"काय सांगता."

"म्हणाले, हे असं असतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं, काहीतरी शांत असेल."

शेवंती इतकी हसली की ढोलीच्या मातीला तडा गेला. मग ती एकदम थांबली. "बिचारे," ती म्हणाली. "चौदाशे. आता काय करतील हो?"

"मंडळाची बैठक आहे पौर्णिमेला. अध्यक्षांचं भाषण असतं. विषय आहे, 'श्रवणाचा आनंद'."

त्या पौर्णिमेला आठ दिवस होते. ते आठ दिवस शेवंतीनं बोटांवर मोजले असते, पण तिला बोटं थोडी. विश्राम रोज संध्याकाळी दामोदरपंत कसे दिसले, काय खाल्लं, भाषण लिहिलं का, याची खबर आणायचा. प्लेअरचं कोष्टक हळूहळू मागे पडलं. पण ते पायात धरून हिंडल्याशिवाय त्याला कुणाच्या घरी जाता येत नसे, म्हणून तो ते धरून हिंडायचा.

पौर्णिमेच्याच दिवशी सकाळी शेवंतीनं ढोलीची माती फोडली. तिला आणि पिलांना नवी पिसं आली होती, आणि चौघांना खायला पुरेल एवढं एकट्या विश्रामला आणवत नव्हतं. तीन महिने झाले होते. ती काठावर येऊन बसली, उन्हात डोळे बारीक केले, पंख दोनदा झटकले आणि कुणाशी काही न बोलता नदीकडे उडाली. विश्राम घाईघाईनं तिच्या मागे गेला.

"या वहिनी," नारबा म्हणाला. "कुठला दाखवू?"

"तुमच्या सगळ्यात जवळ कुठला आहे?"

नारबानं शेजारी पाहिलं. तिथं एक हिरवी पेटी होती. तिच्यावर त्यानं चहाचा कप ठेवला होता. "हा."

"द्या."

"त्याची सुई..." विश्राम म्हणाला.

"अहो."

नारबानं कप उचलला. सगळ्या व्यवहाराला तेवढाच वेळ लागला.

घरी आल्यावर शेवंतीनं ती पेटी रुंद फांदीवर ठेवली. ढोलीतल्या वीस तबकड्यांतली एक काढली, फडक्यानं पुसली, तबकावर ठेवली आणि सुई टेकवली. आधी थोडी खरखर आली. मग एका बाईंचा आवाज आला, जरा जाडसर, आणि त्यामागे सारंगी. शेवंतीनं डोळे मिटले. पहिली बाजू संपेपर्यंत ती हलली नाही. गाण्यात गर्दी कुठे आहे आणि बाई एकटी कुठे आहे, हे तिनं अंधारात जसं लावलं होतं, ते बहुतेक बरोबर निघालं.

"लांब सुरात डगमग आहे," कुंदा म्हणाली.

"सुईचा भार चार ग्रॅम तरी असेल," यशवंत म्हणाला.

विश्रामचा ऊर भरून आला. त्यानं ते तोंडावर दाखवलं नाही.

शेवंतीनं बाजू बदलली. परत सुई टेकवली, परत डोळे मिटले. या बाजूला तिचं सगळ्यात आवडतं गाणं होतं. ते सुरू झालं. बाई वरच्या सुराला पोचल्या आणि शेवंतीनं एक डोळा उघडला.

"अहो."

"काय?"

"बैठक दुपारी आहे का संध्याकाळी?"

"दुपारी. अगं, गाणं चाललंय."

"चालू दे की. भाषण लिहून झालं का त्यांचं?"

"पहाटेच झालं. मला वाचून दाखवलं." विश्राम तिच्याजवळ सरकला. "सुरुवातीला त्यांनी लिहिलंय की खरं श्रवण म्हणजे..."

"थांबा. त्यांच्या आवाजात सांगा."

विश्रामनं शेपूट पाठीवर घेतल्यासारखं केलं आणि सांगायला लागला. पिलंही जवळ येऊन बसली. मागे बाईंचं गाणं संपलं. तबकडी संपली. सुई मधल्या रिकाम्या रेघेत गोल गोल फिरत राहिली आणि खर्र खर्र वाजत राहिली.

कुणीच उठलं नाही.

तात्पर्य : प्लेअर निवडायला कधीही वेळ लावू नये. वेळ लावला की घरातली माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, आणि ती सवय एकदा लागली की पुढे कितीही उत्तम प्लेअर आणला तरी त्यावर एक गाणं धड ऐकून होत नाही.